रोजा सोडला, मोडला की चुकला?

प्रश्न आला आहे तो असा : कोंढव्यातल्या एका सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर मराठीत सूचना टाकली, 'रविवारी सगळे मिळून गच्चीवर रोजा सोडू या.' त्यावर मुस्लीम शेजाऱ्यांनी हसत सुचवले, 'सोडू' लिहू नका, 'खोलू' लिहा किंवा सरळ 'इफ्तार' म्हणा. रोजा सोडणे म्हणजे रोजा न ठेवणे. मराठीत तर उपास सोडतातच. मग बरोबर कोण?

दोघेही, आपापल्या भाषेत. मराठीत 'उपास सोडणे' म्हणजे तो रीतसर पूर्ण करून अन्न घेणे. आषाढीचा उपास द्वादशीला सोडतात, संकष्टीचा चंद्रोदयानंतर. त्यामुळे मराठी वाक्यात 'रोजा सोडला' म्हटले की सूर्यास्त झाला, खजूर तोंडात गेला, एवढाच अर्थ होतो. पुण्यातल्या बहुतेक मुस्लीम घरांत मात्र दखनी, म्हणजे दख्खनची उर्दू बोलतात, आणि दखनीत 'रोजा छोडना' म्हणजे तो ठेवलाच नाही. 'इस साल तीन रोजे छूट गये' म्हणजे तीन दिवसांचे रोजे राहून गेले, पुढे भरून द्यायचे आहेत. मराठी कानाला मात्र 'उपास सुटला' म्हणजे आता जेवायला मोकळीक. क्रियापद एकाच घरातले, पण अर्थ नेमका उलटा.

दखनी-उर्दूतले 'खोलना' आपल्या जागी पक्के आहे. लहान मुलाने पहिला रोजा ठेवला की त्या संध्याकाळच्या कौतुकसोहळ्याला 'रोजाकुशाई' म्हणतात. त्यातला 'कुशाई' हा फारसी शब्द उघडण्याचाच. पण म्हणून मराठीत 'रोजा उघडला' लिहू नये. उघडतो डबा, दार, फार तर शाळा. अरबी 'इफ्तार' मराठीत चांगला रुळला आहे. 'इफ्तार केला' निर्धास्त लिहावे. (इफ्तारी म्हणजे त्या वेळचे खाणे : खजूर, फळे, भजी, सरबत. 'इफ्तारी केली' हे बोलण्यात येते, पण क्रिया सांगायची असेल तर 'इफ्तार' बरा.) 'ईद-उल-फित्र'मधला 'फित्र' आणि ईदच्या नमाजाआधी गरिबांना द्यायचे दान, 'फितरा', हे दोन्ही याच धातूचे. महिनाभर रोज संध्याकाळी रोजा सोडायचा आणि शेवटी सगळा महिनाच सोडायचा, असा त्या नावाचा रोख आहे; ईदच्या दिवशी रोजा ठेवायला मनाई आहे ती त्यामुळेच.

आता खरी मेख. 'सोडणे', 'मोडणे' आणि 'चुकणे' या तीन क्रियापदांत मराठी लेखक सर्रास घोळ घालतात, आणि इथे प्रश्न नुसत्या शैलीचा उरत नाही, कारण इस्लामी धर्मशास्त्रात या तिन्ही गोष्टींचे परिणाम निराळे आहेत.

रोजा चुकला किंवा ठेवला नाही : आजारी आहे, प्रवासात आहे, बाळंतीण आहे, पाळी आली आहे. यात दोष नाही. जितके दिवस गेले तितके रोजे रमजाननंतर सवडीने ठेवायचे. याला 'कजा' म्हणतात. वार्धक्यामुळे किंवा न बऱ्या होणाऱ्या दुखण्यामुळे पुढेही जमणार नसेल, तर दर रोजामागे एका गरिबाच्या जेवणाचा 'फिदया' द्यायचा. हनफी (भारतातल्या बहुतेक सुन्नींचा धर्मशास्त्रीय पंथ) हिशेबाने तो फितऱ्याएवढाच, म्हणजे गव्हाच्या मापाने मशिदीगणिक १.६ ते साधारण २ किलो गहू किंवा त्याची किंमत.

रोजा मोडला : ठेवला होता, पण सूर्यास्ताआधी बिघडला. गुळण्या करताना चुकून पाणी घशाखाली गेले, तर हनफी मताप्रमाणे रोजा मोडतो. दिवसभर तरीही काही खायचे नाही आणि नंतर एका रोजाची कजा. जाणूनबुजून, कारण नसताना खाल्ले-प्याले, तर हनफींकडे कजेशिवाय 'कफ्फारा'ही लागतो : सलग ६० रोजे, आणि ते शक्य नसेल तर ६० गरिबांना जेवण. 'सलग' या शब्दाला वजन आहे. ५९व्या दिवशी खाडा झाला तर मोजणी पुन्हा एकपासून. बाईची पाळी तेवढी अपवाद. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, म्हणजे दुसऱ्या एका सुन्नी पंथाचे. त्यांच्याकडे नुसत्या खाण्यापिण्याला कफ्फारा नाही, कजा आहे. दिवसा पतिपत्नीसंबंध आला तर मात्र कफ्फारा दोन्हीकडे. आणि रोजा आहे हे विसरून पोटभर जेवले, तर? रोजा मोडत नाही. आठवताक्षणी तोंडातला घास टाकायचा आणि रोजा पुढे चालू. तेव्हा बातमीत 'विसरून पाणी प्यायल्याने त्याचा रोजा सुटला' असे लिहिणारा एका वाक्यात दोन चुका करतो : रोजा मोडलेलाच नसतो, आणि मोडला असता तरी त्याला 'सुटला' म्हणत नाहीत.

'सोडला' आणि 'मोडला' यांत कधीकधी काही मिनिटांचेच अंतर असते, आणि पुणेकरांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुणे मुंबईच्या पूर्वेला सुमारे एक रेखांश आहे, म्हणजे इथे दिवस साधारण चार मिनिटे आधी उगवतो आणि चार मिनिटे आधी मावळतो. मुंबईचे छापील वेळापत्रक पुण्यात वापरले तर इफ्तार चार मिनिटे उशिरा होईल, रोजा शाबूत. पण सहेरी, म्हणजे पहाटेआधीचे खाणे, तेही चार मिनिटे जास्त चालेल, आणि पहाट फुटल्यावर खाल्लेल्या घासाने तो दिवस कजेत जमा होतो. सोलापूरचे वेळापत्रक घेतले तर उलटे : ते गाव आणखी दोन रेखांश पूर्वेला, म्हणून संध्याकाळी आठेक मिनिटे आधीच खजूर तोंडात. सोडला असे वाटते, प्रत्यक्षात मोडलेला असतो. बहुतेक वेळापत्रकांत दोन-तीन मिनिटे 'एहतियात', म्हणजे खबरदारी म्हणून राखलेली असतात, पण त्यात आठ मिनिटे मावत नाहीत. सहेरीची हद्दही बांग संपण्याची नसते, पहाटेचा वक्त सुरू होण्याची असते. 'अजान संपेपर्यंत खाता येते' हा गैरसमज घरोघर आहे.

रोजा सुरू होतो त्यासाठी मराठीत दोन क्रियापदे चालतात, 'ठेवणे' आणि 'धरणे'. 'ठेवणे' दखनीच्या 'रखना'वरून आले आणि आता तेच जास्त ऐकू येते. मला 'धरणे' अधिक आवडते, कारण व्रत धरतात, उपास धरतात, आणि धरण्यात मनाचा निश्चय आहे. रोजात त्याला 'नियत' म्हणतात, आणि तिच्याशिवाय रोजा होतच नाही. मराठीत नकळत उपाशी राहावे लागले तर 'आज उपास घडला' म्हणतो. रोजा असा कधी घडत नाही. नियत कधीपर्यंत करायची यावर मात्र मतभेद आहे : शाफईंना ती रात्रीच, पहाटेआधी लागते, हनफींना रमजानच्या रोजासाठी दुपारच्या जरा आधीपर्यंत चालते, अट एवढीच की पहाटेपासून काही खाल्ले-प्यालेले नसावे. म्हणून गजर न वाजल्याने सहेरी हुकली, तरी 'आज रोजा नाही' असे होत नाही. सहेरी सुन्नत, म्हणजे पैगंबरांचा प्रघात आहे, रोजाची अट नव्हे. 'सहेरी चुकली' म्हणा, 'रोजा चुकला' म्हणू नका.

'रोजा लागणे' असाही एक प्रयोग कानावर येईल. 'आज रोजा लई लागला' म्हणजे तहान-भुकेने जीव कासावीस झाला. ऊन लागते, थंडी लागते, तसाच रोजाही लागतो. मराठीने हा बिनदिक्कत घ्यावा.

तारीख सांगायलाही रोजाच वापरतात. पुण्यातल्या मोमिनपुऱ्यात किंवा कौसरबागेत 'आज बारावा रोजा' म्हणजे रमजानची बारा तारीख. इथे वर्तमानपत्रे एक दिवस चुकतात. इस्लामी दिवस सूर्यास्ताला बदलतो, त्यामुळे चंद्र दिसला त्या संध्याकाळी रमजान लागला, त्याच रात्री पहिली तरावीह (रमजानमधली रात्रीची जादा नमाज), आणि पहिला रोजा दुसऱ्या दिवशी. तरावीहचा आकडा रोजाच्या एक रात्र पुढे पळतो. सत्ताविसावी रात्र, जिला शबेकद्र म्हणून जागतात, ती सव्विसावा रोजा सोडल्यानंतरची.

राहिले लेखन. 'रोझा' नको, 'रोज़ा' असा नुक्ता तर नकोच. मराठी 'ज'ला 'रोज', 'रोजनिशी', 'रोजंदारी' यांतला दंततालव्य उच्चार मुळातच आहे, आणि हे सगळे शब्द त्याच फारसी 'रोज'चे, म्हणजे दिवसाचे. 'रमझान'मधला 'झ' तसाच फुकटचा हकार आणतो, 'रमजान' पुरे. 'रमदान' हे अरबी उच्चाराचे वळण अलीकडे दिसते, चूक नाही, पण पुण्यात जिभेवर नाही.

सामान्यरूपात मात्र जवळजवळ सगळेच घसरतात. 'घोडा'चे 'घोड्याला' म्हणून 'रोजा'चे 'रोज्याला' लिहितात. साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे शेवटी 'जा' असलेल्या पुल्लिंगी शब्दाचे सामान्यरूप 'जा'च राहते. तिथे दाखले 'दरवाजाला' आणि 'मोजाला' असे दिले आहेत. त्याच न्यायाने 'रोजाला', 'रोजाच्या दिवशी', आणि अनेकवचनात 'रोजे', 'रोजांचा महिना'. रोजा ठेवणाऱ्याला 'रोजेदार' म्हणावे. 'रोजाधारक' हा सरकारी थाटाचा शब्द शिधापत्रिकेवर ठीक.