बडोद्यात घरून काम करण्यासाठी सेकंडहँड कमर्शियल एम्ब्रॉयडरी मशीन घ्यायचंय. विकणारा म्हणतो तीनच वर्षं वापरलंय, रोज आठ तास. खरं कसं ओळखायचं आणि कोणती कंपनी चांगली?

ताई, मी मकरपुऱ्याच्या कारखान्यांच्या युनिफॉर्मवर लोगो काढून देतो, नवरात्राआधी चणिया-चोळीचं कामही असतं, आणि ते सगळं जुन्याच मशीनवर चालतं. त्यावरून सांगतो, कंपनीचं नाव नंतर बघा. आधी ते मशीन तुमच्यासमोर, तुमच्या डिझाइनवर, निदान तासभर चाललं पाहिजे. एवढं करायला जो का-कू करेल त्याच्याकडून घेऊ नका, भाव कितीही कमी असो.

‘तीन वर्षं’ची शहानिशा मशीनच्या कंट्रोल पॅनेलवरच होते. एकूण टाक्यांचा आकडा दाखवायला सांगा. मिनिटाला 600 टाके धरले तर आठ तासांत 2,88,000 होतात, वर्षाचे 300 दिवस धरले तर साडेआठ कोटींच्या वर. फ्रेम लावण्यात आणि धागे बदलण्यात निम्मा वेळ गेला तरी वर्षाला चार कोटी, म्हणजे तीन वर्षांत बारा कोटींच्या आसपास. पॅनेल वीस-पंचवीस लाख दाखवत असेल तर एक तर काउंटर शून्यावर आणलाय, नाही तर पॅनेलच बदललंय. काय झालंय ते स्पष्ट विचारा.

पॅनेलवरचा आकडा बदलता येतो, पण हुकाची, म्हणजे खालून वरचा धागा पकडून बॉबिनभोवती फिरवणाऱ्या भागाची, झीज लपत नाही. एका टाक्याला हुक दोन फेरे घेतो, म्हणजे मिनिटाला 800 टाके असतील तर 1,600 फेरे. मेन स्विच बंद करा, बॉबिन केस काढा, आत टॉर्च मारा आणि हुकाच्या टोकावरून अलगद नख फिरवा. नख अडकलं तर तिथेच धागाही अडकणार आणि तुटणार. सुई जिथून खाली जाते त्या प्लेटच्या भोकाची कडही बघा. तिथे ओरखडे असतील तर सुया आपटलेल्या आहेत. पण हुक आणि प्लेट बदलता येतात, तेवढ्यावरून मशीन सोडू नका, भाव पाडून मागा. नीडल बार, म्हणजे सुया धरणाऱ्या दांड्या, सैल असतील तर मात्र विचार करा. बारा-पंधरा सुयांच्या मशीनमध्ये एकेक बार हाताने हलवून बघायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

जाताना पंचिंगवाल्याकडून, म्हणजे डिझाइनची मशीनला चालणारी फाइल बनवणाऱ्याकडून, एक छोटी फाइल करून न्या. भरलेलं वर्तुळ आणि अगदी शेवटी त्याची आउटलाइन, पाच मिलिमीटर उंचीची अक्षरं, एक रुंद सॅटिन पट्टी (या कडेपासून त्या कडेपर्यंत दाट टाक्यांची), आणि प्रत्येक सुईला थोडं तरी काम. डीएसटी या नेहमीच्या एम्ब्रॉयडरी फाइलमध्ये रंग साठवलेले नसतात, फक्त रंग कुठे बदलायचा ते असतं, म्हणून क्रम कागदावर लिहून न्या. आधी जाड कॉटनवर, खाली आधाराचं बॅकिंग लावून काढा, कारण जॉर्जेट स्वतःच सरकतं आणि मग दोष कापडाचा की मशीनचा ते कळत नाही. कॉटनवरही आउटलाइन एका बाजूला भरावापासून सुटली, तर फ्रेम हलवणारे बेल्ट किंवा ड्राइव्ह ढिले असण्याची शक्यता मोठी. मग कापड उलटं करा. सॅटिनच्या पट्टीत मधोमध साधारण एक तृतीयांश बॉबिनचा पांढरा धागा दिसायला हवा, आणि तो सगळ्या सुयांना सारखा दिसायला हवा.

चालू असताना वरचा धागा मुद्दाम कात्रीने कापा. काही टाक्यांतच मशीन थांबलं पाहिजे. आणखी एक, मध्येच मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करा. जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू होतंय का बघा. तसं होत नसेल तर वीज गेली की अर्धवट ब्लाऊज वाया जातो. शक्यतो सकाळी जा आणि आधी चालवून ठेवू नका असं सांगून ठेवा. थंड मशीनची खडखड गरम झाल्यावर कमी होते.

सुरतेला अशी मशीन बरीच सुटतात, भावही मोहात पाडतो. पण साड्यांची मल्टीहेड, म्हणजे एका वेळी अनेक ठिकाणी भरतकाम करणारी मशीन लांबलचक असतात, बऱ्याचदा थ्री-फेज वीज मागतात, आणि एकेका ब्लाऊजच्या कामाला सोयीची नाहीत. तुम्हाला सिंगल हेडच बरं. ताजिमा, बारुदान ही जपानी नावं जुनी झाली तरी टिकतात, हे खरं. तरी मी मेकॅनिक आधी शोधेन. त्याच दिवशी येणारा माणूस आणि सुरत-अहमदाबादहून लगेच मिळणारे पार्ट, हे ज्या मशीनला असेल ते घ्या, मग ते चिनी असलं तरी चालेल. घट बसायला आठ दिवस उरलेत आणि मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बाहेरून यायचाय, असं झालं तर सीझन हातचा जातो. म्हणून भाद्रपदात घाईने घेऊही नका. दिवाळीनंतर घ्या, उन्हाळाभर हात बसवा.

वाडीत किंवा मांडवीकडे लाकडी तक्तपोशीचं जुनं घर असेल तर मशीन तळमजल्यावरच ठेवा. वरच्या मजल्यावर तक्तपोशी थरथरते आणि चांगल्या मशीनचीही आउटलाइन सुटते.

पैसे देताना सीरियल नंबरच्या प्लेटशी बिल जुळवा आणि मशीनवर कर्ज नाही याची बँकेची चिठ्ठी मागा. हप्त्यावर घेतलेल्या काही मशीनच्या पॅनेलला तारखेचं लॉक असतं, ते उघडल्याचं आणि पासवर्ड दिल्याचं लिहून घ्या. फ्रेमा, कॅपचं अटॅचमेंट, वाहतूक आणि लेव्हल करून बसवून देणं हे सगळं भावातच ठरवा. निम्मी रक्कम तुमच्या घरी तीच फाइल पुन्हा नीट निघाल्यावर द्या.