हात बसत नाही, असे वाटते तेव्हा

"सहा महिने झाले, तरी हात बसत नाही, हे काम माझे नव्हेच का?" बेळगाव, निपाणी, खानापूर भागातून संशोधनासाठी बाहेर गेलेली मुले हा प्रश्न मला वारंवार विचारतात.

दिवाळीच्या सुट्टीत खानापूर तालुक्यातील एक विद्यार्थिनी आईसोबत टिळकवाडीतील माझ्या मार्गदर्शन केंद्रात आली (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). बंगळूरला मेंदूविज्ञानात पीएच.डी.ला नुकत्याच लागलेल्या या मुलीला उंदराच्या मेंदूचे सुमारे ३०० मायक्रोमीटर जाडीचे काप जिवंत ठेवून, जेमतेम एक-दोन मायक्रोमीटर टोकाच्या काचेच्या सुईने एकेका चेतापेशीतील विद्युतप्रवाह मोजायला शिकायचे होते. काप काही तासच तग धरतात. दिवस फुकट गेल्यापेक्षा एक जीव फुकट गेल्याची बोच तिला अधिक होती आणि ती तिने आईसमोर नव्हे, आई बाहेर गेल्यावर सांगितली. ही बोच दुबळेपणाची खूण आहे, असे मी मानत नाही.

मी तिची वही मागितली. बहुतेक तारखांपुढे दोनच शब्द होते: "जमले नाही". हा निकाल होता, नोंद नव्हती. कामाच्या पायऱ्या तिनेच माझ्यासमोर लिहून काढल्या आणि काम नेमके कोणत्या पायरीवर अडते, ते रोज टिपायचे ठरले. दुसरे असे की, तिने ज्येष्ठ विद्यार्थ्याचे काम अनेकदा पाहिले होते, पण तिचे काम कुणीच पाहिले नव्हते. इंग्रजीत विचारताना ती अडखळत असे. तो ज्येष्ठ विद्यार्थी मात्र धारवाडकडचा होता आणि खानापूरच्या बाजारात बोलले जाणारे कन्नड तिला उत्तम येत होते. तेव्हा आपले काम पाहायला त्यालाच कन्नडमधून सांगायचे ठरले.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. त्याने अर्धा तास शेजारी बसून पाहिले आणि विचारले, "तीच सुई पुन्हा का?" काच वाया जाऊ नये, या घरच्या सवयीने ती एकच सुई अनेक पेशींना लावत होती, टोकाला पेशीचा अंश चिकटला की ते पुढच्या पेशीला घट्ट बसत नाही. जर्मन शास्त्रज्ञ एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी या पद्धतीची पहिली मोजमापे १९७६ साली प्रसिद्ध केली, परंतु स्वच्छ, ताजी सुई आणि सुईतून हवेची हलकी ओढ यांनी गिगाओहमइतकी (म्हणजे अब्ज ओहम विद्युतरोधाची) घट्ट पकड मिळते, हे हाती यायला त्यांनाही आणखी काही वर्षे लागली. १९९१ चे नोबेल त्यानंतरचे.

आता ती दर पेशीला नवी सुई घेते. त्या आठवड्यात नऊपैकी दोन पेशींवर पकड बसली. काप लवकर खराब होतात ही अडचण अजून आहे, आणि वहीत त्याच्या वेळा लिहिलेल्या आहेत.