आयफोन १३ : ठेवायचा, विकायचा की आता घ्यायचा?

सणासुदीच्या सेलमध्ये ज्यांनी आयफोन १३ घेतला त्यांच्या हातात तो आता तीन-चार वर्षांचा झाला आहे. ॲपलने सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची अधिकृत विक्री थांबवली, तरी सेकंडहँड बाजारात तो भरपूर फिरतो. या वेळच्या पत्रांत त्याचंच नाव सारखं आलं, म्हणून हा अंक त्यालाच दिला.

प्रश्न : २०२२ च्या दिवाळीत आयफोन १३ (१२८ जीबी) घेतला. बॅटरी हेल्थ ७९ टक्के दाखवतो, दुपारी चारलाच चार्जर शोधावा लागतो. मुलगा म्हणतो आयफोन १७ घ्या, मेहुणे म्हणतात पिक्सेल ९ए घ्या, दुकानदार १६ई दाखवतो. बॅटरी बदलून हाच चालवला तर शहाणपणाचं ठरेल का?
– नोकरदार वाचक, राजारामपुरी

उत्तर : ठरेल. बॅटरी बदला आणि फोन ठेवा.

आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेलांची बॅटरी ५०० पूर्ण चार्ज-चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहावी अशा बेताने बनवलेली आहे. १५ पासून हाच आकडा १,००० चक्रांचा केला. एक चक्र म्हणजे एकदा पिन लावणं नव्हे. आज ६० आणि उद्या ४० टक्के वापरली की एक चक्र भरतं. रोज जवळपास एक चक्र धरलं तर तुमचे ५०० केव्हाच होऊन गेले. तेव्हा ७९ हा आकडा बिघाडाचा नाही, वयाचा आहे. मात्र याच टप्प्यावर वीस टक्के शिल्लक असताना कॅमेरा उघडला की फोन एकदम बंद पडणं सुरू होतं, कारण जुनी बॅटरी अचानक लागणारा करंट देताना व्होल्टेज खाली सोडते. एकदा असं बंद पडलं की आयओएस प्रोसेसरचा वेग आवरायला लागतं, आणि लोक म्हणतात, ‘अपडेट टाकला आणि फोन स्लो झाला.’ नवी बॅटरी बसली की हा वेग परत येतो.

आतली ए१५ चिप अजून दमदार आहे. २०२२ च्या आयफोन १४ मध्येही ॲपलने तीच वापरली, फक्त ग्राफिक्सचा एक कोअर वाढवला. यूपीआय, बँकेची ॲप, नकाशा, व्हॉट्सॲप, व्हिडिओ कॉल यांत हा फोन कुठे अडत नाही. कमी पडते ती ४ जीबी रॅम. ब्राउझरमध्ये फॉर्म भरताना मधेच कॅमेऱ्यात जाऊन आलात की पान पुन्हा लोड होतं आणि भरलेलं पुसतं. हा त्रास बॅटरी बदलून जाणार नाही.

आता स्पर्धक. १६ई (सुरुवातीची किंमत ५९,९०० रुपये) तुम्ही घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यात नवी ए१८ चिप, जास्त टिकणारी बॅटरी आणि टाइप-सी आहे, हे खरं. पण डिस्प्ले ६० हर्ट्झचाच (म्हणजे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं) आणि उजेडही नेहमीच्या वापरात १३ इतकाच, ८०० निट्स. वर मागे एकच कॅमेरा. म्हणजे कोल्हापुरात अंबाबाईच्या महाद्वारावर उभं राहून अख्खं मंदिर फोटोत घेणारी ०.५ची वाइड लेन्स तुमच्या फोनमध्ये आहे, तीही जाईल. पिक्सेल ९ए (सुरुवातीची किंमत ४९,९९९ रुपये) मध्ये १२० हर्ट्झ, ५,१०० एमएएच बॅटरी आणि २०२५ पासून सात वर्षांचे अपडेट मिळतात. अँड्रॉइडवर जायची तयारी असेल तर या तिघांत पैशाच्या मानाने तोच सरस. आयफोन १७ (सुरुवातीची किंमत ८२,९०० रुपये) ही मात्र खरी उडी आहे. १२० हर्ट्झ, सुरुवातच २५६ जीबीपासून, आणि भर उन्हात ३,००० निट्सपर्यंत चढणारा डिस्प्ले. दिवसभर उघड्यावर काम असेल, साइटवर किंवा शेतात, तर हा शेवटचा मुद्दा सगळ्यांत मोठा. ऑफिसात बसणाऱ्याला त्याचं काय कौतुक?

राहिले अपडेट. २०१८ चे एक्सएस आणि एक्सआर २०२४ च्या आयओएस १८ पर्यंत आले, २०२५ च्या आयओएस २६ ला गळाले. हाच हिशोब लावला तर २०२१ च्या १३ ला साधारण २०२७ पर्यंत नवी आवृत्ती मिळायला हरकत नाही. त्यानंतरही सुरक्षेचे छोटे अपडेट ॲपल काही काळ देत राहतं. ॲपल इंटेलिजन्स (ॲपलच्या एआय सुविधा) मात्र १३ वर येणार नाही, त्याला आयफोन १५ प्रो किंवा पुढचा फोन लागतो.

बॅटरी शक्यतो अधिकृत सेंटरमध्येच टाका. देण्याआधी बॅकअप घ्या. परत आल्यावर सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे ‘पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्टरी’ उघडून बॅटरीपुढे ‘जेन्युइन’ आहे का ते काउंटरवरच पाहा. लोकल बॅटरीला तिथे ‘अननोन पार्ट’ येतं. बाहेरच्या दुकानात टाकायचीच असेल तर डिस्प्लेच्या कडेचं पाण्याचं सील नवं लावणार का, हे आधी विचारा. जुनंच दाबून बसवलं तर पहिल्याच वळवात फोन पाणी पितो.

प्रश्न : कॉलेजसाठी सेकंडहँड आयफोन १३ घ्यायचा आहे. घेताना काय काय बघू?
– विद्यार्थिनी, कागल

उत्तर : विक्रेत्याला घाई असेल तर तिथेच थांबा. नीट तपासायला अर्धा तास लागतो आणि तो द्यायला खरा विक्रेता नाही म्हणत नाही.

आधी फोन चोरीचा नाही ना ते पाहा. डायलरवर *#०६# दाबलं की आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख-क्रमांक येतो. तोच आकडा अबाउटमध्ये आणि सिमच्या ट्रेवर बारीक अक्षरांत कोरलेला असतो. ट्रेवरचा वेगळा निघाला तर ट्रे किंवा अख्खी बॉडी बदलली आहे असं समजा. मग इंग्रजी मोठ्या अक्षरांत केवायएम लिहून, एक जागा सोडून, तो १५ अंकी आकडा १४४२२ वर एसएमएस करा. काळ्या यादीतला असेल तर उत्तरात कळतं. मूळ बिल आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत मागून घ्या.

अबाउटमध्येच मॉडेल नंबरचं पहिलं अक्षर बघा. ‘एम’ म्हणजे नवा विकलेला, ‘एफ’ म्हणजे ॲपलने दुरुस्त करून विकलेला, ‘एन’ म्हणजे वॉरंटीत बदलून दिलेला. त्या ओळीवर बोट ठेवलं की दुसरा नंबर येतो. भारतात विकलेल्या १३ चा तो ए२६३३ असतो. परदेशातला असेल तर ‘कॅरिअर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ हवंच, नाहीतर आपलं सिम चालणार नाही.

फसवणूक सगळ्यांत जास्त होते ती ॲक्टिव्हेशन लॉकमध्ये, म्हणजे फोन जुन्या मालकाच्या ॲपल आयडीला बांधलेला राहण्यात. विक्रेत्याने त्याचा ॲपल आयडी तुमच्यासमोर साइन आउट करावा, ‘फाइंड माय’ बंद करावं आणि फोन पूर्ण इरेज करावा. मग वाय-फाय लावून होम स्क्रीनपर्यंत तुम्ही स्वतः सेटअप करा. मधे कुठे जुन्या मालकाचा आयडी मागितला तर पैसे देऊ नका. ‘घरी जाऊन पासवर्ड पाठवतो’ हे ऐकूनच घेऊ नका.

त्यानंतर पार्ट्स. डिस्प्लेच्या ब्राइटनेसमध्ये ‘ट्रू टोन’चं बटण गायब असेल तर काच लोकल बसवलेली असण्याची शक्यता दाट. फेस आयडी स्वतःचा चेहरा देऊन लावून बघा. सिमची खाच टॉर्चने पाहा. आत लाल खूण दिसली तर पाणी गेलेलं आहे.

एक गोष्ट सहसा कुणी तपासत नाही. फोन बुलेटच्या हँडलवर लावून फिरवलेला असेल तर मुख्य कॅमेऱ्याची स्थिरता राखणारी यंत्रणा थरथरीने बिघडते. मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलींबाबत ॲपलनेच तसा इशारा दिला आहे. १एक्सवर व्हिडिओ लावा. चित्र पाण्यासारखं हलतंय किंवा लेन्समधून खरखर येतेय, आणि ०.५वर गेलं की सगळं शांत, म्हणजे मुख्य कॅमेरा गेला. ०.५च्या लेन्सला ती यंत्रणाच नाही, म्हणून ती वाचते.

किंमत ठरवताना नव्या बॅटरीचा खर्च त्यात धरा. तो धरून आयफोन १५ चा सेकंडहँड भाव हाताशी येत असेल तर डोळे झाकून १५ घ्या. टाइप-सी, ४८ मेगापिक्सेल कॅमेरा आणि दुप्पट चक्रं चालणारी बॅटरी मिळते.

प्रश्न : चांदीचं काम आहे. पैंजण आणि करदोड्याचे फोटो गिऱ्हाइकांना पाठवतो. आयफोन १३ वर जवळून काढलं की नक्षी फुसकी येते आणि चांदी पांढरीफट्ट दिसते. फोन बदलू का?
– कारागीर, हुपरी

उत्तर : जवळून फोकस होत नाही तो फोनचाच दोष. १३ मध्ये मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची सोय) नाही, तो फक्त १३ प्रोमध्ये होता. साध्या मॉडेलांत तो १६ पासून आला, १६ईमध्ये पुन्हा नाही. त्यामुळे दुकानदाराने ‘१६’ म्हणून १६ई गळ्यात मारला तर तुमचं काम अडलंच.

पण आधी हे करून बघा. फोन दागिन्यापासून वीत-सव्वावीत लांब धरा आणि २एक्सवर न्या. नक्षीवर बोट दाबून ठेवलं की पिवळं ‘एई/एएफ लॉक’ येतं. मग शेजारचं सूर्याचं चिन्ह बोटाने खाली ओढा, चांदीतल्या रेघा उमटेपर्यंत. फ्लॅश बंद. ट्यूबलाइट आणि दागिना यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपर ताणून धरला की चकाकी मऊ होते. चकचकीत पट्टीवर काळ्या फोनचं प्रतिबिंब पडत असेल तर पांढऱ्या पुठ्ठ्याला लेन्सएवढं भोक पाडा आणि त्यातून फोटो काढा. खाली पांढऱ्याऐवजी राखाडी कापड अंथरा. व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे नक्षी दाबली जात नाही.

एवढं करूनही रवा-काम स्पष्ट येत नसेल तर मात्र १६ किंवा १७ बघा.

प्रश्न : कोल्हापूरच्या खासबाग मैदानात रात्रीच्या कुस्त्यांचा व्हिडिओ काढला तर आडवे काळे पट्टे फिरतात. भावाच्या नव्या फोनमध्ये कमी दिसतात. १३ चा कॅमेरा मागे पडला का?
– कुस्तीशौकीन, मंगळवार पेठ

उत्तर : कॅमेरा ठीक आहे, सेटिंग आपल्या विजेला जुळत नाही. आपला पुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. फोन सेकंदाला ३० फ्रेमवर असला की शटर बहुधा १/६० सेकंदावर जातं आणि लुकलुकण्याशी त्याचा मेळ बसत नाही. सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे ‘शो पाल फॉरमॅट्स’ चालू करा आणि ‘१०८०पी, २५ एफपीएस’ निवडा. शटर १/५० वर आलं की पट्टे जातात, निदान पुष्कळ कमी होतात. स्लो-मो मात्र दिव्याखाली लुकलुकणारच. ढाक डाव लावतानाचा स्लो-मो हवा असेल तर दिवसाची कुस्ती गाठा.

झूमच्या बाबतीत १३ खरंच मागे आहे. त्यात टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी लेन्स) नाही आणि व्हिडिओत डिजिटल झूम ३ पटीपर्यंतच. मागच्या पायऱ्यांवरून शाहू स्टेडियमचा फुटबॉल टिपायचा म्हटलं तर खेळाडू मुंगीएवढे येतील. आणि जागेचा अंदाज ठेवा : १०८०पी ३० फ्रेमला मिनिटाला सुमारे ६० एमबी जातात, ४के ६० फ्रेमला सुमारे ४००.

प्रश्न : जोतिबाच्या यात्रेहून आल्यापासून चार्जिंग पिन नीट बसत नाही, आवाजही दबला. पावसात गगनबावड्याला ड्युटी असते. नवा घ्यावा का?
– वाचक, वडणगे

उत्तर : यात्रेत उधळलेला गुलाल अडकला आहे. घामाची किंवा पावसाची ओल लागली की तो पोर्टच्या तळाशी लगद्यासारखा घट्ट बसतो, मग पिन शेवटपर्यंत जात नाही. फोन बंद करा, पोर्ट खाली धरा आणि लाकडी टूथपिकची चपटी केलेली कड तळाला घासून लगदा हळूहळू बाहेर ओढा. टाचणी किंवा सुई नको, आतले सोनेरी पट्टे खरवडले तर पोर्टच बदलावा लागतो. फुंकर मारू नका, हवेचा पंपही नको. गुलाल आणखी आत जातो. स्पीकरच्या जाळीवर कोरडा मऊ टूथब्रश तिरपा फिरवा.

पावसाचं म्हणाल तर १३ नवा असताना ६ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकेल असा आयपी६८ आहे, पण सील वयाबरोबर ढिलं होतं आणि पाण्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही. ‘लिक्विड डिटेक्टेड’ आलं की केबल काढा, पोर्ट खाली करून तळहातावर हलके आपटा आणि पंख्याखाली ठेवा. तांदळाच्या डब्यात घालू नका, बारीक कण आत जातात.

प्रश्न : १३ विकून अँड्रॉइड घेतोय. व्हॉट्सॲप चॅट येतील का?
– व्यापारी, इचलकरंजी

उत्तर : येतील, पण क्रम चुकवू नका. नवा फोन कोरा किंवा फॅक्टरी रीसेट केलेला हवा. त्याचा सेटअप चालू असतानाच लाइटनिंग-टू-टाइप-सी केबलने दोन्ही जोडा, आणि आयफोनच्या व्हॉट्सॲपमध्ये चॅट्स खाली ‘ट्रान्सफर चॅट्स टू अँड्रॉइड’ सुरू करा. आयक्लाउडचा बॅकअप अँड्रॉइडवर उघडत नाही. नव्या फोनवर जुन्या ऑर्डरी आणि व्हॉइस मेसेज उघडून खात्री झाल्याशिवाय जुना फोन इरेज करू नका.