काका, आधी केबिन घेऊ की ब्लोअर?

ऑक्टोबर आला की माझ्याकडे दोन प्रकारचे मेसेज एकदम सुरू होतात, एक फराळाच्या ऑर्डरीचे आणि दुसरे स्नोचे. फराळाचं हिच्याकडे जातं, स्नोचं माझ्याकडे. यावेळी सगळे प्रश्न ट्रॅक्टरचेच आलेत, त्यामुळे बाकीच्यांनी एक अंक सांभाळून घ्या.

प्रश्न : काका नमस्कार. आम्ही न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूजच्या बाहेर घर घेतलं, आधीच्या मालक आजोबांनी घरासोबत त्यांचा जॉन डिअर ३१८ पण देऊन टाकला. उन्हाळाभर गवत कापलं, मस्त चालतो. ड्राइव्हवे ३०० फूट, बराचसा खडीचा, रस्त्याजवळचा तुकडा डांबरी. मागच्या वर्षी स्नो बाजूला ढकलणारा प्लाऊवाला कधी यायचा कधी नाही, आणि मला सातला निघावं लागतं. तर आता ट्रॅक्टरला केबिन आणि स्नो ब्लोअर, म्हणजे स्नो ओढून बाजूला उडवणारं यंत्र, दोन्ही लावायचा विचार आहे. एक जुनी केबिन स्वस्तात मिळतेय, ती आधी घेऊन ठेवू का? बायको म्हणते या भंगारात पैसे घालण्यापेक्षा नवीन काहीतरी घे.

उत्तर : आधी वहिनींना सांगा की हे भंगार नाही. ३१८ हा १९८३ ते १९९२ या काळात बनलेला गार्डन ट्रॅक्टर, ओनानचं दोन सिलिंडरचं १८ हॉर्सपॉवरचं इंजिन, हायड्रोस्टॅटिक गिअर, म्हणजे क्लच न दाबता तेलाच्या दाबावर वेग कमी-जास्त होतो, हायड्रॉलिक लिफ्ट, पॉवर स्टिअरिंग. आज दुकानात जे लॉन ट्रॅक्टर दिसतात त्यातले बरेचसे याच्या शेजारी उभे केले तर खेळण्यातले वाटतील. पुढे दोन-अडीचशे पौंडांचा ब्लोअर लटकवल्यावर पॉवर स्टिअरिंग नसेल तर काय होतं ते खांद्यांना विचारा.

आता तुमचा खरा प्रश्न. केबिन आधी घेऊ नका. सगळे हीच चूक करतात कारण केबिन डोळ्यांना दिसते, आत बसून कॉफी पीत स्नो उडवतोय असं चित्र मनात येतं. पण ब्लोअर बसला नाही, मागची चाकं जागेवरच गरगर फिरली, तर केबिनमध्ये बसून तुम्ही फक्त कोरड्या अंगाने अडकणार. आधी ब्लोअर, मग वजन आणि चेन, आणि पैसे आणि उत्साह उरला तर केबिन.

ब्लोअर घेताना नुसता ब्लोअर बघू नका. जुन्या ब्लोअरचा लोखंडी डबा गंजलेला असला तरी चालतो, घासून रंग मारता येतो, पण ट्रॅक्टरला जोडायची जी फ्रेम असते, पुढचे ब्रॅकेट, लिफ्टचा दांडा, पीटीओकडून, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या जोडणीकडून, ताकद नेणारा बेल्ट आणि पुल्या किंवा शाफ्ट, शूट, म्हणजे स्नो बाहेर फेकणारं नळकांडं, फिरवायचा हँडलचा रॉड, हे सगळं त्याच मॉडेलचं आणि सगळंच्या सगळं हवं. मी पहिला ब्लोअर घेतला तेव्हा विकणारा म्हणाला सगळं आहे, घरी आणून बघतो तर ब्रॅकेट दुसऱ्याच सिरीजचे. ब्लोअरपेक्षा ते दोन ब्रॅकेट शोधायला जास्त पैसे गेले आणि तोवर फेब्रुवारी संपला. त्यामुळे विकणाऱ्याला सांगा की ट्रॅक्टरवर चढवलेला दाखव, चालू करून दाखव. खाली उतरवून कोपऱ्यात ठेवलेला असेल तर मॅन्युअलमधलं पार्ट्सचं चित्र छापून न्या आणि एकेक तुकडा त्यावर टिक करा. लाजू नका.

दोन स्टेजचा मिळाला तर उत्तम. एक स्टेजवाल्यात ऑगर, म्हणजे ती पुढची मोठी स्क्रूसारखी पट्टी, हीच स्नो गोळा करते आणि हीच फेकते. दोन स्टेजमध्ये ऑगर फक्त आत ओढतो आणि मागचा पंखा शूटमधून लांब फेकतो. तुमच्या भागात वर्षाला सव्वाशे इंचांच्या आसपास स्नो पडतो, जानेवारीत कडेचे ढीग छातीएवढे होतात, त्यांच्या पलीकडे फेकायला ताकद लागते. जरा हिशोब करा, ३०० फूट लांब, १२ फूट रुंद आणि एक फूट स्नो म्हणजे ३६०० घनफूट, अगदी हलका भुसभुशीत धरला तरी दहा टन होतो. ओला असेल तर दुप्पट धरा. एवढं सगळं त्या छोट्या शूटमधून जायचंय.

चढवायचं काम आत्ता करा, गराजमध्ये, हात गारठायच्या आधी. ब्लोअर चाकांच्या फळीवर ठेवा, फर्निचर हलवायची मिळते ती, म्हणजे ब्लोअर ट्रॅक्टरकडे सरकवता येतो, नाहीतर ट्रॅक्टर पुढे-मागे करून भोकं जुळवण्यात रविवार जातो आणि तोंडातून नको ते शब्द जातात. चढवायच्या आधी एक काम मात्र नक्की. हे इंजिन हवेवर थंड होतं आणि त्याच्या पत्र्याखालच्या फिन्समध्ये, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्यांमध्ये, उंदरांना घर करायला फार आवडतं. पत्रा काढून साफ करा. मी एकदा काढला तर आत गवत, कापूस आणि आमच्या पायपुसण्याचे धागे, व्यवस्थित गादी केलेली.

स्किड शू, म्हणजे ब्लोअरच्या खालचे दोन पाय, असे लावा की ब्लोअर खडीच्या इंचभर वर राहील. नाहीतर खडीसकट उडेल आणि शेजाऱ्याच्या गाडीची काच म्हणजे नवीन ओळख. पहिले दोन-तीन स्नो खडीवर दाबून बसू द्या, एकदा खालचा थर गोठला की तोच तुमचा रस्ता. चालवताना इंजिन कायम फुल थ्रॉटल आणि ट्रॅक्टर गोगलगायीसारखा. हायड्रोस्टॅटिकचा फायदाच तो, ब्लोअरचा वेग तसाच ठेवून तुम्ही पाहिजे तेवढं हळू जाऊ शकता. शूटमधून स्नो धपाधप पडायला लागला तर थ्रॉटल कमी करू नका, पुढे जाणं कमी करा.

आणि ड्राइव्हवेच्या कडेला काय काय आहे ते आत्ताच फिरून बघा. आमच्याकडे दिवाळीत ड्राइव्हवेला लायटिंगच्या माळा लावलेल्या, हिचं म्हणणं तुळशीचं लग्न होईपर्यंत राहू देत, बरं म्हटलं राहू देत, आणि रात्री आठ इंच पडला. सकाळी मी अंधारात आरामात चाललोय आणि अचानक खटाक. ऑगरने अख्खी माळ गिळून सुतासारखी गुंडाळून घेतली होती. दोन तास पक्कड घेऊन एकेक वेढा कापत बसलो. शिअर बोल्ट तुटला म्हणून बाकी सगळं वाचलं. तो बोल्ट मुद्दाम नरम असतो, त्यानेच तुटायचं असतं. त्याच्या जागी हाताशी आहे म्हणून हार्डवेअरचा कडक बोल्ट टाकू नका, मग गिअरबॉक्स तुटतो. खऱ्या शिअर बोल्टची पुडी सीटखाली असू द्या.

काहीही अडकलं तर इंजिन बंद, चावी खिशात, आणि तरीही हात घालायचा नाही, काठीच घालायची. इंजिन बंद असतानाही अडकलेल्या ऑगरमध्ये ताण राहिलेला असतो, अडकलेलं सुटलं की पातं एकदम गरकन फिरतं. दरवर्षी लोक बोटं घालवतात ती अशीच.

प्रश्न : मिनेसोटात राहतो. ब्लोअर लावला पण थोड्याशा चढावर मागची चाकं फिरतात. चेन लावल्यात. अजून काय करू? कुणीतरी टायरमध्ये बीटचा रस भर म्हणालं, चेष्टा करतोय का तो?

उत्तर : नाही हो, खरंच भरतात. शुगर बीटमधून साखर काढल्यावर उरलेलं ते काळं पातळ काकवीसारखं असतं, पाण्यापेक्षा साधारण तीस टक्के जड, कडाक्याच्या थंडीत गोठत नाही आणि रिमला गंज चढत नाही. पूर्वी कॅल्शियम क्लोराइड भरायचे, तेही जड, पण गळालं की रिम खाऊन टाकायचं. गार्डन ट्रॅक्टरच्या साइझच्या मागच्या टायरमध्ये एकेकी ऐंशी ते शंभर पौंड वजन वाढतं. ते नको असेल तर लोखंडी व्हील वेट बोल्टने लावा, किंवा मागे पेटी बांधून वाळूची पोती टाका. पुढे ब्लोअर लटकला की मागची चाकं हलकी होतात, ते वजन मागे परत द्यायचं एवढंच. चेन बघा मात्र, आडव्या कड्या लांब-लांब असतील तर मधल्या रबरावर चाक घसरतं, दर दोन कड्यांना आडवी असलेली चेन घ्या. आणि ढिली ठेवू नका, फेंडरला लागून रंग जातो.

प्रश्न : काका, आम्ही बॅरीला, ओंटारिओत. व्हिनाइलची सॉफ्ट केबिन घेतली. आत वारा लागत नाही पण दहा मिनिटांत काचेवर धुकं. बारा व्होल्टचा हीटर लावू का? आणि आत पेट्रोलचा वास येतो थोडा, ते चालतं का?

उत्तर : वास चालत नाही. आधी तेच. एक्झॉस्ट कुठे तोंड करून आहे, जोडाला गळती आहे का बघा, डॅशबोर्डच्या खालून इंजिनची गरम हवा आत येते ती छान वाटते पण तिच्यासोबत कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो, आणि त्याला तर वासही नसतो. केबिनची मागची बाजू थोडी उघडी ठेवा आणि बॅटरीवरचा सीओ अलार्म आत टांगा.

हीटरचं गणित असं की १५० वॅटचा हीटर बारा व्होल्टवर साडेबारा अँपिअर खातो, जुन्या ट्रॅक्टरचं चार्जिंगच मुळात पंधरा-वीस अँपिअरच्या आसपास, त्यात दिवे आणि पीटीओचा इलेक्ट्रिक क्लच. एवढं करून १५० वॅटमध्ये गरम काय होणार, एक गुडघा. त्याऐवजी छोटा पंखा काचेवर मारा, एक-दीड अँपिअरचे एलईडी दिवे लावा आणि अंगात थर्मल घाला. पाण्यावर थंड होणारं इंजिन असेल, ३२२ किंवा ३३२ सारखं, तर कारसारखा गरम पाण्याचा हीटर बसवता येतो, ती खरी चैन.

व्हिनाइल केबिन थंडीत बसवू नका, उन्हात पसरून मऊ झाल्यावर ताणा. मी एकदा जानेवारीत ओढली, टर्रकन फाटली. चेनला मेणबत्ती घासा, म्हणजे चेन म्हणजे झिप हो, टायरची नाही. आणि गराजचा दरवाजा मोजा. बहुतेक दरवाजे सात फुटी असतात, केबिन जाते, पण वर फिरता पिवळा दिवा लावला आणि टायरच्या चेनने इंचभर उंची वाढली की मग जात नाही. आमच्या दरवाजाच्या चौकटीवर खूण आहे अजून. अजून एक, ही केबिन वाऱ्यापासून वाचवते, ट्रॅक्टर उलटला तर नाही. उतारावर जपून.

प्रश्न : काका, निफाडहून माझे बाबा येतायत डिसेंबरमध्ये. चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवलाय, आमचा पेडलवाला हायड्रोस्टॅटिक आणि त्याचा ब्लोअर बघितल्यापासून व्हिडिओ कॉलवर तेवढंच बोलतात. देऊ का चालवायला?

उत्तर : अगं दे की. तुझ्यापेक्षा सरळ रेषेत नेतील. फक्त आदल्या दिवशी कोरड्यावर एक चक्कर मारू दे, कारण पहिला तासभर ते डाव्या पायाने क्लच शोधणार. हातमोजे दोन जोड दे, एक जोड भिजतोच. आणि आपल्याकडे नांगर बघायला सीटवरून अर्धं उठून मागे वळायची सवय असते. इथे सीटखाली स्विच आहे, ब्लोअर चालू असताना उठलं की इंजिन बंद पडतं. तर बाबांनी लांबून हाक मारली की ट्रॅक्टर बिघडला, तर बूट घालून धावू नकोस, दारातूनच ओरडून सांग, आधी नीट खाली बसा.