स्विमिंग पूलचा तडा आणि 18 नोव्हेंबर

इंदूरच्या बायपासपलीकडे राहणारे एक वाचक लिहितात की, घरच्या स्विमिंग पूलची वार्षिक देखभाल करणाऱ्या ठेकेदाराच्या माणसांनी दोन हिवाळ्यांपूर्वी थंडीची तयारी म्हणून सगळे पाणी उपसले, चार दिवसांत तळाच्या टाइल्स उचलल्या जाऊन आडवा तडा गेला, आणि तेव्हापासून तो ‘करून देतो’ एवढेच म्हणतो आहे. आता त्याला वकिलाची नोटीस द्यावी का? पूलच्या जागी लिफ्ट किंवा छतावरचे सोलर पॅनेल घातले, तर असे पत्र मला दर महिन्याला येते.

आपल्या सात पानांपैकी साडेसहा पाने ठेकेदाराच्या वागणुकीवर खर्च झाली आहेत. प्रकरण ज्यावर ठरेल ती गोष्ट मात्र सोबतच्या एका फोटोत आहे: निळ्या टाइल्सवर तड्याशेजारी ठेवलेली मोजपट्टी, आणि खाली कोपऱ्यात फोनने उमटवलेली तारीख, 18 नोव्हेंबर. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 69 प्रमाणे वादकारण, म्हणजे ज्या घटनेतून तक्रार उद्भवते ती, घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल व्हावी लागते. तडा आपल्याला दिसला तो हा दिवस, आणि येत्या 18 नोव्हेंबरला दोन वर्षे पुरी होतात. आज ऑक्टोबर लागला आहे आणि मध्ये दिवाळीची सुट्टी आहे.

नोटीस अवश्य द्या, पण तिने मुदत थांबत नाही, आणि तिच्या उत्तराने नवी मुदतही सुरू होत नाही. ‘भैया, ठंड जाने दो, फिर देखते हैं’ हा त्याचा व्हॉट्सॲपवरचा निरोप म्हणजे जबाबदारीची लेखी कबुली असे आपण धरून चालला आहात. मी तसे धरणार नाही. विलंब माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, परंतु त्यासाठी पुरेसे कारण दाखवावे लागते, आणि बावीस महिने गोड बोलण्यावर विसंबून राहिलो हे कारण मांडताना कोणत्याही वकिलाला संकोच वाटेल. आपल्यासारख्या सुशिक्षित गृहस्थांनी एवढा काळ एक साधे पत्रसुद्धा रजिस्टर्ड पोस्टाने पाठवू नये, याचे मला नवल वाटते.

दोष कोणाचा, हे मी इथून छातीठोकपणे सांगू शकत नाही. इंदूरच्या थंडीत पूलचे पाणी गोठत नाही. पंपाचे तास कमी करून, क्लोरीन राखून आणि वर आच्छादन घालून काम भागते. उलट पावसाळ्यानंतर आपली काळी माती पाणी धरून फुगलेली असते, आणि आतल्या पाण्याचा भार एकदम काढला की खालचा दाब तळाला वर ढकलू शकतो. जाणकार ठेकेदाराला हे ठाऊक असायला हवे होते, हा आपला मुद्दा. मात्र डासांच्या त्रासामुळे ‘सगळं पाणी काढून टाका’ असा निरोप आपणच दिला असेल, तर तोच निरोप तो आयोगापुढे ठेवील. पूल वाढदिवसांच्या पार्ट्यांना भाड्याने, म्हणजे व्यवसायासाठी, दिला असल्यास आपण ‘ग्राहक’ आहात का, हाही प्रश्न निघेल. या दोन्हींबाबत पत्रात चकार शब्द नाही.

करारातील ‘न्यायक्षेत्र फक्त अहमदाबाद’ या ओळीची धास्ती घेऊ नका. तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करण्याची मुभा कलम 34 देते, म्हणजे इंदूरचा जिल्हा उपभोक्ता आयोग, ज्याला आपण मराठीत ग्राहक आयोग म्हणतो. मोबदला म्हणून दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, 10 ते 20 लाखांमध्ये असेल तर 400 रुपये. देखभालीची रक्कम धरायची की बांधकामाची, यावर वाद होऊ शकतो. फरक किरकोळ आहे, त्यापायी थांबू नका. कायदा तीन महिन्यांत, आणि मालाची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाल अपेक्षितो. त्या हिशेबावर पुढच्या उन्हाळ्यात पोहण्याचे बेत आखू नका.

18 नोव्हेंबर हातचा गेलाच, तर दिवाणी दाव्याला सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते. पण तिथला कोर्ट फीचा आकडा आणि तारखांचा पल्ला पाहता मी तो मार्ग आनंदाने सुचवणार नाही.

या आठवड्यात सिव्हिल इंजिनीअरला बोलावून तड्याची लांबी, खोली आणि कारण यांचा सहीशिक्क्यासह अहवाल घ्या. तोपर्यंत ठेकेदार सिमेंटची पिशवी घेऊन दारात उभा राहिला, तरी त्याला तड्याला हात लावू देऊ नका.