राइस पेपर, वाशी आणि चियोगामी

प्रश्न असा आलाय की जपानी हातकागदाला 'तांदळाचा कागद' म्हटलं तर चालेल का, आणि चियोगामी, युझेन, काताझोमे ह्या त्याच्याच जाती का.

तांदळाचा कागद कृपया म्हणू नका. इंग्रजीतून 'राइस पेपर' आलं आणि चिकटलं, पण हा कागद झाडाच्या आतल्या सालीचा असतो. खरं नाव वाशी, 'वा' म्हणजे जपानी आणि 'शी' म्हणजे कागद, तरी मराठीत पहिल्यांदा 'वाशी कागद' असंच लिहा, नाहीतर वाचणारा थेट नवी मुंबईत पोचतो.

जाती ठरतात सालीवरून. कोझो (तुतीच्या कुळातलं झाड) लांब धाग्याचा आणि दणकट, मित्सुमाता मऊ, गाम्पी पातळ आणि चकचकीत. २०१४ साली युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलेले होसोकावा, मिनो आणि सेकिशूचे कागद तिन्ही निव्वळ कोझोचे आहेत. लगद्यात तोरोरो-आओई नावाच्या झाडाच्या मुळाचा चिकट रस घालतात, हे झाड आपल्या भेंडीचं जवळचं नातेवाईक, आणि त्या बुळबुळीतपणामुळे धागे पाण्यात तळाशी न बसता तरंगत राहतात म्हणून कागद एकसारखा उतरतो.

बाकीची तुमची नावं रंगकामाची आहेत. चियोगामी म्हणजे मुळात लाकडी ठशांनी छापलेला नक्षीचा कागद, युझेन म्हणजे क्योतोच्या किमोनोवरची नक्षी कागदावर आणलेली. दुकानात आता दोन्ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात.

काताझोमे मात्र वेगळंच, आणि गंमत म्हणजे तांदूळ खरा इथे येतो! 'काता' म्हणजे साचा, 'झोमे' म्हणजे रंगवणं. वाशीचेच थर पर्सिमन नावाच्या कच्च्या फळाच्या रसाने चिकटवून जाड करतात, त्यात नक्षी कापतात, तो साचा कागदावर ठेवून वरून चिकट तांदूळ आणि कोंड्याची खळ फिरवतात, खळ वाळली की सोयाबीनच्या दुधात कालवलेला रंग ब्रशने लावायचा आणि मग अख्खा कागद पाण्यात भिजत टाकायचा. खळ सुटून जाते, तिच्याखालची जागा कोरी राहते आणि कागद फाटत नाही, कारण कोझोचा धागा. साधा कागद तिथे टिकलाच नसता.

तेव्हा तुमच्या लेखात 'काताझोमे पद्धतीने रंगवलेला कोझोचा वाशी कागद' असं लिहा, लांब वाटलं तरी बरोबर आहे.