हजेरी, किमान वेतन आणि निर्वाह वेतन

प्रश्न : मी लातूरच्या एका डाळमिलमध्ये ठेकेदाराकडे डाळ निवडण्याचे काम करते. रजिस्टरवर ज्या रकमेपुढे सही घेतात, त्याहून हातात पडणारी हजेरी कमी असते. विचारले तर ‘परवडत नसेल तर उद्यापासून येऊ नका’ असे ऐकवतात. सही मीच केलेली असल्याने माझा हक्क गेला का? शिवाय रजिस्टरवरची पूर्ण रक्कम मिळाली, तरी सासू-सासरे, दोन लेकरे आणि घरभाडे त्यात भागत नाही. मग सरकार हे वेतन ठरवते तरी कशावरून?
— एक वाचक भगिनी, लातूर

उत्तर : आपला हक्क मुळीच गेलेला नाही. किमान वेतनाहून कमी पैशांत राबायला कोणी मान्यता दिली, तरी कायद्याला ती मान्य नाही. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली अशा कामाला संविधानाच्या अनुच्छेद 23 खालील सक्तीची मजुरी ठरवले, कारण पोटाची निकडही माणसावर सक्तीच करत असते.

अनुच्छेद 43 मध्ये निर्वाह वेतनाचे, म्हणजे माणसासारखे जगता येईल इतक्या वेतनाचे, आश्वासन आहे. मात्र ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. दाद मागता येते ती किमान वेतनासाठी. त्याचे माप 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने सुचवले : कमावणारा एक, आणि नवरा, बायको व दोन मुले मिळून तीन प्रौढांइतके खाणे, प्रत्येकी रोज 2,700 कॅलरी, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी वेतनाचा 20 टक्के भाग. शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी 25 टक्के धरावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सांगितले. आपले सासू-सासरे या हिशेबात कुठेच नाहीत, आणि मराठवाड्यात म्हातारी माणसे ज्यांच्या पंक्तीला नाहीत अशी घरे किती सापडतील? हे तोकडे मापही नीट लावले जात नाही. केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने 2019 मध्ये देशासाठी रोजचे किमान 375 रुपये सुचवले, तेव्हा केंद्राचा राष्ट्रीय तळदर, म्हणजे ज्याखाली कुठलेच किमान वेतन जाऊ नये असा दर, 176 रुपये होता आणि तोही राज्यांवर बंधनकारक नव्हता. ही तफावत अज्ञानातून आलेली नाही, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. हिशेब सरकारपुढे मांडलेला होता.

आता आपल्या थकबाकीविषयी. महाराष्ट्रात मूळ दरावर महागाईपोटी विशेष भत्ता मिळतो आणि तो जानेवारी व जुलैमध्ये बदलतो, म्हणून आपल्या उद्योगाचा व परिमंडळाचा (वेतनदरासाठी पाडलेल्या भागाचा) चालू दर कामगार कार्यालयातून आधी माहीत करून घ्यावा. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार पगारपावती देणे सक्तीचे आहे, वेतन पूर्ण दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकपक्षावर आहे, आणि ठेकेदाराने पैसे बुडवले तर मिलमालकाला ते चुकते करावे लागतात. तरीही एका वहीत तारीख, कामाचे तास आणि हातात आलेली रक्कम रोज लिहून ठेवावी. दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. एकटीने पुढे होण्याची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. त्यासाठी अनेक कामगारांचा मिळून एकच अर्ज चालतो आणि आपण सभासद असलेल्या नोंदणीकृत कामगार संघटनेलाही तो आपल्या वतीने करता येतो.